यंत्र घडविणाऱ्याची जबाबदारी

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, खाडीच्या अलीकडे, बाळकुम हे गाव आहे. एके काळी ते आगरी व कोळी लोकांचे लहानसे खेडे होते. सभोवार भाताची शेते होती. पुढे ठाणे शहर वाढत वाढत या गावापर्यंत येऊन पोचले. आज त्याच भूमीवर चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत.

चाळिसाव्या मजल्यावर राहणारा माणूस रोज जिन्याने चढउतार करू शकत नाही. तो लिफ्टमध्ये पाऊल ठेवतो, बटण दाबतो आणि थोड्याच वेळात आपल्या दाराशी पोचतो. ज्या पोलादी दोरांवर ती लिफ्ट लोंबत असते, ते दोर त्याला दिसत नाहीत. ते किती जुने आहेत, त्यांची तपासणी केव्हा झाली, ते किती भार पेलू शकतात, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. तरीही तो निर्धास्तपणे आत उभा राहतो.

असा विश्वास केव्हा केव्हा किती महाग पडतो, हे बाळकुमने पाहिले आहे. १० सप्टेंबर २०२३ हा रविवारचा दिवस होता. एका नव्या चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरील काम आटोपून कामगार खाली येत होते. त्यांना आणणारी बांधकामाची लिफ्ट एकाएकी कोसळली आणि सात कामगारांचे प्राण गेले. दिवसभर कष्ट करून परत जाण्यास निघालेली ती माणसे होती. यंत्र सुरक्षित आहे की नाही, याची परीक्षा करणे त्यांच्या हाती नव्हते. ज्यांनी ते उभे केले आणि ज्यांच्याकडे त्याची देखभाल होती, त्यांच्यावर विसंबूनच त्यांनी आत पाऊल ठेवले होते.

ज्याला यंत्राच्या आत पाहता येत नाही, त्याच्या वतीने कोणी तरी आत पाहिले पाहिजे. यंत्रांविषयीच्या सर्व चांगल्या कायद्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दोर तोडून दाखविणारा कारागीर

लिफ्टच्या इतिहासातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पूर्वी ओझी वर चढविण्याचे पाळणे असत. परंतु दोर तुटला की पाळणा खाली आदळे, म्हणून त्यात बसण्यास लोक धजत नसत. अमेरिकेतील एलिशा ओटिस या कारागिराने दोर तुटताच पाळण्याला जागच्या जागी अडकवून धरणारी एक युक्ती शोधून काढली. १८५४ साली न्यूयॉर्क शहरातील मोठ्या प्रदर्शनात तो स्वतः अशा पाळण्यावर चढून उंच गेला आणि सर्व लोकांच्या देखत त्याने वरचा दोर तोडावयास लावला. पाळणा किंचित घसरला आणि तेथेच थांबला.

ओटिसने केवळ ‘माझे यंत्र सुरक्षित आहे’ असे सांगितले नाही. ते त्याने चारचौघांत सिद्ध करून दाखविले. परंतु प्रत्येक कारखानदार ओटिससारखा नसतो. कोणी खर्च वाचवितो, कोणी घाई करतो, कोणी दोष दडवितो. म्हणून जी गोष्ट ओटिसने आपखुशीने केली, ती इतरांकडून कायद्याने करवून घ्यावी लागते.

उंच इमारती मुंबईत होत्या. १९३९ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने लिफ्टसंबंधी एक स्वतंत्र कायदा केला. त्याअन्वये लिफ्ट बसविण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. बसविल्यावर ती चालविण्यासाठी परवाना घ्यावा लागे. सरकारी निरीक्षकाला आत येऊन तपासणी करण्याचा अधिकार असे; आणि अपघात होऊन कोणाला इजा झाली, तर ती गोष्ट निरीक्षकाला कळविणे मालकावर बंधनकारक असे. पुढे २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने लिफ्ट व सरकते जिने यांच्यासाठी नवा कायदा मंजूर केला. लिफ्टमध्ये किती माणसांनी चढावे हे सांगणारी जी लहानशी पाटी असते, तिच्यामागे असे नियम उभे असतात. बांधकामावरील तात्पुरत्या लिफ्टचे नियम याहून निराळे असतात. परंतु त्यांचाही हेतू हाच असतो.

शेजाऱ्यांचा हक्क

लिफ्टचा धोका मुख्यतः तिच्यात चढणाऱ्याला असतो. काही यंत्रांचा धोका मात्र त्यांच्याजवळ कधीही न गेलेल्या माणसांनाही असतो. १९८४ सालच्या डिसेंबर महिन्यात, २ तारखेच्या रात्री, भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक लोक आपल्या घरी झोपलेले होते. भिंतीपलीकडे कोणते विष साठविले आहे, ते बाहेर पडले तर काय करावे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. उपचार कोणता करावा, याची नीट माहिती डॉक्टरांनाही नव्हती.

या दुर्घटनेनंतर १९८७ साली भारताच्या संसदेने कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती केली. ज्या कारखान्यात धोक्याच्या प्रक्रिया चालतात, त्याच्या चालकाने त्या धोक्यांची व त्यांवरील उपायांची माहिती कामगारांना, सरकारी निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपास राहणाऱ्या लोकांनाही दिली पाहिजे, असे त्या दुरुस्तीने ठरविले. संकटकाळी काय करावयाचे, याची योजना आधीच तयार ठेवण्याचेही बंधन त्यात होते. कारखाना मालकाचा असला, तरी त्याच्या धोक्याविषयी जाणून घेण्याचा हक्क शेजाऱ्याचाही आहे, हे तत्त्व त्या वेळी कायद्यात आले.

बोलणारे यंत्र

आता जगात एक नवे यंत्र आले आहे. त्याला चाके नाहीत, धूर नाही, आवाज नाही. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता असे म्हणतात. ते प्रश्नांची उत्तरे देते, पत्रे लिहिते, चित्रे काढते, भाषांतर करते, आणि संगणकाला द्यावयाच्या आज्ञाही स्वतः रचते.

हे यंत्र घडविण्याची रीत इतर यंत्रांहून अगदी वेगळी आहे. लिफ्ट बनविणाऱ्याला तिचा प्रत्येक खिळा व प्रत्येक चाक ठाऊक असते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे तसे नाही. पुस्तके, लेख, संभाषणे असा अफाट मजकूर संगणकांना पुरविला जातो. त्या मजकुरातील शब्दांचे परस्परसंबंध शोधीत शोधीत संगणक अब्जावधी आकडे थोडेथोडे बदलत जातो आणि अखेर त्या आकड्यांतून एक प्रणाली तयार होते. तिला मॉडेल असे म्हणतात. ‘अमुक प्रश्नाला अमुक उत्तर दे’ असा नियम कोणी एकेक करून लिहिलेला नसतो. त्यामुळे ते मॉडेल काय काय करू शकेल, हे ते घडविणाऱ्यालाही आधीपासून पूर्णपणे सांगता येत नाही. कसून परीक्षा घेतल्यावरच त्याचे गुणदोष कळतात.

मग त्या परीक्षा कोणी घ्यावयाच्या? त्यांत काय आढळले, हे कोणाला सांगावयाचे? आणि दोष आढळूनही मॉडेल लोकांच्या हाती दिले तर? हे प्रश्न केवळ तज्ज्ञांचे नाहीत. दुष्ट मनुष्य अशा यंत्राकडून विषारी शस्त्रे बनविण्याची माहिती काढू पाहील. कोणी त्याच्या साहाय्याने रुग्णालयांचे किंवा वीजकेंद्रांचे संगणक बंद पाडू पाहील. आणि यंत्राला पुष्कळ कामे स्वतंत्रपणे करू दिली, तर ते घडविणाऱ्याच्या ताब्याबाहेर जाण्याचा संभव आहे काय, याचाही विचार शास्त्रज्ञ करीत आहेत. असे काही घडले, तर भोपाळप्रमाणेच त्याची झळ त्या यंत्राला कधी न शिवलेल्या माणसांनाही लागेल.

कॅलिफोर्नियाचा कायदा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या ओपनएआय, अँथ्रॉपिक, गूगल, मेटा इत्यादी मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालये याच राज्यात आहेत. म्हणून त्यांच्यासाठी कायदा करण्याचा विचारही तेथे लवकर सुरू झाला.

पहिला प्रयत्न २०२४ साली झाला. राज्याच्या सिनेटचे सभासद स्कॉट वीनर यांनी मांडलेले एक कडक विधेयक विधिमंडळाने संमत केले. परंतु राज्याचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्यास संमती नाकारली. मॉडेल कोठे व कशासाठी वापरले जाते, हे न पाहता केवळ त्याच्या आकारावरून व खर्चावरून नियम लावणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. अशा कायद्याने नवे संशोधन खुंटेल, अशी भीतीही कित्येकांनी बोलून दाखविली होती. त्यानंतर फेइ-फेइ ली व अन्य विद्वानांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यासगट नेमण्यात आला आणि त्याने २०२५ सालच्या जून महिन्यात आपला अहवाल दिला. वीनर यांनी मग नवे विधेयक पुढे नेले. त्यावर न्यूसम यांनी २९ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे पहिल्या नकारानंतर बरोबर एका वर्षाने, स्वाक्षरी केली. १ जानेवारी २०२६ पासून हा कायदा अमलात आला.

हा कायदा लहानसहान प्रयोग करणाऱ्यांना लागू नाही. ज्या मॉडेलच्या घडणीत एकावर सव्वीस शून्ये इतक्या गणिती क्रियांहून अधिक क्रिया लागतात, त्यांच्यासाठीच तो आहे. ही संख्या केवढी मोठी आहे? पृथ्वीवरील सुमारे ८०० कोटी माणसांनी दर सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस गणिते केली, तर तितक्या क्रिया पुऱ्या होण्यास सुमारे ४० कोटी वर्षे लागतील. शिवाय, ज्या कंपन्यांचे वार्षिक उत्पन्न ५० कोटी डॉलरांहून अधिक आहे, त्यांच्यावर या कायद्याने जास्त बंधने घातली आहेत.

या कायद्यातील मुख्य गोष्टी तीन आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे आधी सांगणे. मोठ्या कंपनीने आपण धोक्यांची परीक्षा कशी घेतो व त्यांस आळा कसा घालतो, याची लेखी योजना सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध केली पाहिजे आणि दरवर्षी तिचा फेरविचार केला पाहिजे. नवे मॉडेल लोकांपुढे आणताना त्याचा अहवालही प्रसिद्ध केला पाहिजे. एकाच घटनेत ५० हून अधिक माणसांचा मृत्यू वा गंभीर इजा, किंवा १०० कोटी डॉलरांहून अधिक नुकसान होण्यास ज्यामुळे हातभार लागू शकेल, असे महाभयंकर धोके या कायद्यात मुख्यत्वेकरून लक्षात घेतले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे घडलेले न लपविणे. सुरक्षिततेला बाधा आणणारी गंभीर घटना घडली, तर ती १५ दिवसांच्या आत राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयास कळविली पाहिजे. माणसांच्या जिवाला तात्काळ धोका असेल, तर २४ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्यांना कळविले पाहिजे. सामान्य नागरिकालाही अशी घटना कळविता यावी, अशी सोय या कायद्यात ठेवली आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे सांगणाऱ्याचे रक्षण. दोराचा एखादा धागा तुटू लागला, तर तो प्रथम दिसतो तेथे काम करणाऱ्या माणसाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीतही धोक्याची पहिली चाहूल तेथील कर्मचाऱ्यालाच लागण्याचा संभव असतो. त्याने ती योग्य अधिकाऱ्याला कळविली, म्हणून कंपनीने त्याच्यावर सूड उगवू नये, अशी तरतूद या कायद्यात आहे. मोठ्या कंपन्यांनी, नाव उघड न करता तक्रार करता येईल अशी व्यवस्थाही ठेवली पाहिजे.

जी मोठी कंपनी हे नियम मोडील, तिला प्रत्येक वेळी दहा लाख डॉलरांपर्यंत दंड होऊ शकतो. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनीही याच धर्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यात गंभीर घटना ७२ तासांच्या आत कळविण्याचे बंधन आहे.

हे पुरेसे आहे काय?

या कायद्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आहे. काहींच्या मते तो फार कडक आहे. प्रत्येक राज्याने आपापला कायदा केला, तर कंपन्यांना पन्नास ठिकाणचे पन्नास नियम पाळावे लागतील. म्हणून सर्व देशाला मिळून एकच नियम असावा, असे ते म्हणतात. राज्यांच्या अशा कायद्यांना न्यायालयात आव्हान देता यावे, यासाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी डिसेंबर २०२५ मध्ये एक आदेशही काढला.

उलटपक्षी, काहींना हा कायदा फार सौम्य वाटतो. लिफ्टच्या कायद्याशी त्याची तुलना केली, म्हणजे त्यांचे म्हणणे ध्यानात येते. लिफ्ट चालविण्यापूर्वी परवाना लागतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे मॉडेल लोकांपुढे आणण्यासाठी परवाना लागत नाही. लिफ्ट तपासण्यास सरकारचा निरीक्षक येतो. येथे कंपनी आपली परीक्षा मुख्यतः आपणच घेते आणि तिचा निकालही आपणच सांगते. व्यापारातील गुपिते फुटू नयेत, म्हणून काही मजकूर वगळण्याची मुभाही कंपन्यांना आहे.

तरीही सांगण्याची सक्ती ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कंपनीने आपली योजना एकदा लिहून प्रसिद्ध केली, म्हणजे ती शास्त्रज्ञ वाचतात, वृत्तपत्रे वाचतात, प्रतिस्पर्धीही वाचतात. तिने लिहिले एक आणि केले दुसरे, तर ते उघडकीस आणता येते. धोक्याविषयी खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करण्यास या कायद्याने मनाई आहे. ज्या ठिकाणी काहीच लिहिलेले नसते, तेथे मात्र जाब विचारावयास जागाच उरत नाही.

परंतु कागदावरील शब्द आपोआप कोणाचे रक्षण करीत नाहीत. बाळकुमपासून थोड्याच अंतरावर असलेल्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले व माणसे दगावली. कारखान्यांसाठी कायदे त्या वेळीही होते. नियम लिहिल्यानंतर तो पाळला जातो की नाही, हे वेळोवेळी पाहणारे डोळे असावे लागतात, आणि चुकलेल्यास जाब विचारणारी यंत्रणाही असावी लागते.

भारतातही या प्रश्नाचा विचार सुरू झाला आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. यंत्राने बनविलेल्या खऱ्यासारख्या चित्रांवर व चित्रफितींवर तशी स्पष्ट खूण असावी, असे नियम फेब्रुवारी २०२६ मध्ये लागू झाले. पुढील पायऱ्या कोणत्या असाव्यात, हे लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळांनी व संसदेने ठरवावयाचे आहे.

बाळकुमच्या उंच इमारतींतील मुले आज लिफ्टमधून खाली उतरतात आणि शाळेत जातात. त्याच मुलांच्या घरात आता बोलणारे यंत्रही आले आहे. लिफ्टच्या दोराप्रमाणेच त्याचेही अंतरंग त्यांना दिसत नाही. लिफ्टमध्ये चढणाऱ्याला दोर तपासता येत नाही, म्हणून काही तो वापरू नये असे नव्हे. परंतु दोर कोणी तपासला, केव्हा तपासला आणि त्यात काय आढळले, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. यंत्र जितके सामर्थ्यवान, तितकी ते घडविणाऱ्याची जबाबदारी मोठी. ही जबाबदारी त्याने आपखुशीने पत्करली तर उत्तमच; न पत्करल्यास ती त्याच्याकडून पार पाडून घेण्यासाठी कायदा असतो, आणि त्या कायद्याला जागे ठेवतात ते प्रश्न विचारणारे नागरिक.